छपराबाहेर बसणारी सुलू

सुलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागच्या घरात आमसुलं वाळत घालत होते. फोन तिच्या सुनेचा, पल्लवीचा. "मावशी, आई बाजारात बसल्या बसल्या कोसळल्या. बोर्लीला नेलं, पन वाटेतच..." पुढचं तिला बोलवेना आणि मला ऐकवेना. हातातली परात तशीच धरून मी किती वेळ उभी होते देव जाणे. नुकतंच आमचं फोनवर भांडण झालं होतं, तेही कशावरून, तर मी पाठवलेली मोठी छत्री ती स्वतःवर धरायची सोडून पापलेटांवर धरते म्हणून. मासळी सुकली तर कोण घेईल, मी सुकले तर चालतं, असं म्हणून हसली होती. शेजारच्या वहिनी धावत आल्या, त्यांनी मला पाणी दिलं आणि साहजिकच विचारलं, की अहो, तुमच्या गावच्या बाजाराला एवढं नवं छप्पर आहे ना, मग भर उन्हात कशाला बसायची ती? त्यांना मी काही सांगू शकले नाही. एका वाक्यात सांगण्यासारखं ते नाहीच. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, मी म्हणते उन्हाने नेलं. दोघांचंही खरं असेल. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी त्या धक्क्यातून सावरले असते, पण नंतर जे घडलं त्याने माझी उरलीसुरली झोपही उडाली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दिघी आणि बोर्ली पंचतन यांच्या मधलं आमचं गाव. वरच्या आळीत आमची नारळी-पोफळीची वाडी, खाली खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा आणि मधोमध शाळा. शाळेत सुलू माझ्या बाकावर बसायची. खो-खोत ती वाऱ्यासारखी पळे, पण आम्ही तिला संघात घ्यायला कां-कूं करायचो, कारण पाठीला नुसतं बोट लागलं तरी ही बया गुरुजींच्या ध्यानात यायच्या आत हात वर करून मैदानाबाहेर. हातातला सामना असा घालवल्यावर मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. पकडणारीला कळलंही नव्हतं, मग तू का गेलीस, असं मी रागाने विचारलं तर म्हणाली, "मना कललं ना पन." पुढे तिचं लग्न कोळीवाड्यातच झालं, माझं अलिबागला. मी कोर्टात नोकरीला लागले, ती डोक्यावर टोपली घेऊन बाजारात. पण वर्षातून दोनतीनदा ती माझ्याकडे यायची, येताना सुका जवळा आणायची, आणि तो वास घरभर दरवळला की माझी मुलं नाक मुरडायची आणि रात्री तोच जवळा ताटं चाटूनपुसून खायची. खुर्चीवर ती कधी बसली नाही. खुर्चीत पाय लोंबकळतात, बोलणं सुचत नाही, म्हणायची.

तर अशा या सुलूला गावाने सरपंचपदाला उभं केलं. जागा महिलांसाठी राखीव झाली होती. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, बोट तिचा दीर हरी आणि तिचा मुलगा मिळून चालवत. हरी म्हणजे कोळीवाड्यातला शब्दाला वजन असलेला माणूस. तोच चार जणांना घेऊन वहिनीकडे आला आणि म्हणाला की उभी राहा, खर्चाचं आम्ही बघतो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कोळीवाड्यात सार्वजनिक काम निघालं की प्रत्येक बोट आपल्या कमाईतला एक वाटा बाजूला काढते. देवीची पालखी असो, वादळात बोट फुटलेलं एखादं घर असो, वाटा निघतो आणि कोणी कोणाला हिशेब विचारत नाही, कारण सगळ्यांचंच सगळ्यांसाठी असतं. निवडणुकीचा खर्चही तसाच निघाला असं सुलू धरून चालली. तिला वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं. कोळीवाड्याबाहेरच्या बाईने शंभर प्रश्न विचारले असते, हिने एकही विचारला नाही.

प्रचारात मी चार दिवस गावी जाऊन राहिले होते. कर्णा लावलेली जीप फिरत होती, क्रिकेटचे सामने भरवले होते, पोरांच्या अंगावर तिच्या नावाचे शर्ट होते आणि समाजमंदिरामागे रोज जेवणाच्या पंगती उठत होत्या. मी तिला म्हटलंही, की सुलू, हे जरा जास्तच होतंय. ती अभिमानाने म्हणाली की बोटींनी वाटा काढलाय, देवीच्या कामाला काढतात तसा. शेवटच्या सभेत ती व्यासपीठावर उभी राहिली, पदर खोचला आणि लिहून दिलेलं भाषण बाजूला ठेवून बोलली. "मी कुना शेठची उमेदवार न्हाय. मी तुमच्या बोटींच्या वाट्यावर उभी हाय. माझ्यावर हक्क हाय तो तुमचा." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. हरी टाळ्या वाजवत होता, बोटी हाकणारे तांडेल वाजवत होते, मागे उभी असलेली पोरं शिट्ट्या मारत होती. मीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आज आठवल्या की माझ्या अंगावर काटा येतो.

ती निवडून आली आणि पहिल्याच दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला, मासळी बाजाराचं छप्पर. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर बसत होत्या. उन्हाळ्यात मासळी खराब होई, पावसात बायका. त्या छपरासाठी तिने अलिबागच्या किती खेपा घातल्या त्या मी पाहिल्यात. साहेब जेवायला गेलेत म्हटलं की ही कचेरीच्या पायरीवर डबा उघडून बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या शिपायाला विचारायची, साहेबांचं पोट भरलं का. शेवटी मंजुरी आली. मोठ्या कामांचं टेंडर आता संगणकावर निघतं, पण हे काम लहान, त्यामुळे बंद पाकिटात दर मागवायचे होते. सुलूने ग्रामसेवकांना सांगितलं की पाकिटं बाजारातच फोडायची, बायकांसमोर. ते बिचारे गांगरले. अशी पद्धत नाही म्हणाले. ती म्हणाली, मासळीचा लिलाव उघड्यावर होतो, कोणी किती बोललं ते सगळ्या गावाला ऐकू येतं, मग छपराचं काय लपवायचंय? तसं करू नये असं कुठे लिहिलं असेल तर दाखवा. असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते, मैत्रिणीचं कौतुक बघायला. लिलाव आटोपल्यावर बायका टोपल्या बाजूला सारून बसल्या, पुरुष जाळी शिवत होते तिथूनच माना वर करून बघत होते. ग्रामसेवकांनी पाकिटं फोडली आणि दर मोठ्याने वाचले. सगळ्यात कमी दर बोर्लीच्या एका नवख्या इंजिनिअरचा निघाला. सुलूने सगळ्यांकडे बघत विचारलं की काम त्याला द्यायचं ना, आणि बायका हो म्हणाल्या. तेवढ्यात बबनशेठ उठले. तालुक्यातली बरीचशी सरकारी कामं हेच करतात. माणूस गोड बोलणारा, आवाज कधी चढवत नाही. हात जोडून म्हणाले, "ताई, एक चूक होतेय. तुमच्या निवडणुकीत गाव महिनाभर जेवलं, ते कोनाचं जेवलं, ते एकदा हरीभाऊंना विचारून घ्या. मग काय तो निर्णय द्या."

मला आधी अर्थच लागला नाही. मी सुलूकडे बघितलं. तिलाही लागला नव्हता. ती अजून हसतच होती, कोणी थट्टा केली तर हसतो तसं. मग तिने हरीकडे बघितलं. हरीने मान खाली घातली आणि जाळ्याची गाठ मारायला लागला. तिने तांडेलांकडे बघितलं, तर त्यांच्याही माना खाली. मग बायकांकडे... त्यातल्या कितीतरी जणींनी पदर तोंडाशी नेला. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या वर्षी मासळी कमी लागली होती, वाटा निघालाच नव्हता, आणि जीप, शर्ट, सामने, पंगती हे सगळं बबनशेठकडून आलं होतं. ते तिला सांगितलं असतं तर ती उभी राहिली नसती, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मी इतकी वर्षं कोर्टात काढली, माणसं शपथेवर खोटं बोलताना रोज पाहिली, पण एखाद्या माणसाचा चेहरा असा डोळ्यांदेखत रिकामा होताना मी पाहिला नव्हता. मग सुलू ग्रामसेवकांना म्हणाली की काम बोर्लीच्या पोराला गेलं, लिहा तसं. आणि टोपली उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने राजीनामा लिहिला. मी अक्षरशः ओरडले तिच्यावर. तिच्या ओट्यावर बसून मी तिला कायदा सांगितला, व्यवहार सांगितला. म्हटलं, तू एक पैसा घेतलेला नाहीस, तुला माहीतही नव्हतं. खुर्चीवर बस आणि त्या बबनला दाराबाहेर काढ, हाच त्याला धडा. तू उठलीस तर तो जिंकला. ती मासे साफ करत होती, हात थांबला नाही.

"नंदे, मी पन जेवले त्या पंगतीत."

"तुला ठाऊक नव्हतं."

"न्हवतं. पन मी बोलले काय ते तू ऐकलंस ना? कुना शेठची न्हाय म्हनाले. आनि सगल्यांनी टाल्या वाजवल्या." इथे तिचा हात थांबला. "बबनचा मना राग न्हाय गो. तो धंदेवाला मानूस, त्याने पेरलं, तो कापायला आला. पन ज्यांना ठाऊक व्हतं, ते टाल्या वाजवत व्हते."

तरीही मी तिच्याशी भांडले, पुढची दोन-तीन वर्षं भांडतच राहिले, कारण माझं म्हणणं खरं ठरलं. राजीनामा मंजूर झाला, उपसरपंचांच्या हाती कारभार गेला, काहीतरी तांत्रिक कारण निघून ती पाकिटं रद्द झाली. दुसऱ्यांदा दर मागवले तेव्हा बोर्लीच्या इंजिनिअरने पाकीटच टाकलं नाही. त्याला कोणी काय सांगितलं ते त्यालाच माहीत. छप्पर बबनशेठने बांधलं. उद्घाटनाला तालुक्याचे नेते आले, फटाके वाजले. बायका छपराखाली बसायला लागल्या आणि सुलू बाहेर. बरं, तिने कोणाला अडवलंही नाही. उलट ज्या संकोचून बाहेर राहिल्या त्यांना तिनेच दटावून आत बसवलं. छप्पर पंचायतीच्या पैशाचं आहे, तुमचं आहे, बसा म्हणाली. पत्रा गळायला लागला तेव्हा पंचायतीत जाऊन तक्रार करणारीही तीच. पल्लवीलाही तिने आत जागा धरून दिली. स्वतः मात्र छपराच्या कडेला, जिथे सकाळची सावली थोडा वेळ येऊन निघून जायची, तिथे गोणपाट टाकून बसायची. मी कारण विचारलं की म्हणायची, मला बाहेरच बरं. हट्टी, महाहट्टी बाई. त्या हट्टापायी ती गेली असं मला अजूनही वाटतं, आणि तिचा राग येतो, आणि मग रडू येतं.

आता नंतरचं सांगते. तिच्या दहाव्याला मी गावी गेले तर नाक्यावर भला मोठा फ्लेक्स. मधोमध सुलूचा फोटो, सरपंच झाली तेव्हाचा, हार घातलेला. वर तालुक्याचे नेते हात जोडून उभे, आणि खाली "शोकाकुल" म्हणून कोण, तर बबनशेठ. आमच्या मार्गदर्शक, असं लिहिलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एस.टी. थांब्यावरची माणसं त्याच्याखाली निवांत उभी होती, कोणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी स्वतःला समजावलं की फ्लेक्स काय, चार दिवसांनी फाटेल. पण पुढच्याच आठवड्यात हरीचा फोन आला. पंचायतीच्या निवडणुका तोंडावर आल्या आहेत, छपराला वैनीचं नाव द्यायचं ठरतंय, संगमरवरी फलक बबनशेठ देतायत, नेते अनावरणाला येणार आहेत. ग्रामसभेत ठराव झाला की झालं. "ताई, तुम्ही लिहिन्या-वाचन्यातल्या. फलकावर चार चांगल्या ओली लिहून द्या." ज्या छपराखाली ती जिवंतपणी एक क्षण बसली नाही, तिथे तिला मेल्यावर कायमची टांगणार, आणि मी त्याला शब्द द्यायचे... एवढंच म्हणाले, मी ग्रामसभेला येते.

आदल्या दिवशी मुरूडमार्गे आगरदांड्याला उतरले, फेरीबोटीने दिघीला आले आणि पल्लवीकडे मुक्काम केला. मनात एक जळजळीत भाषण तयार होतं. पल्लवीला मी तिचं मत विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, मावशी, घर तर काकांबरोबरच चालवायचंय ना. मी समजले. नवरा हरीबरोबर त्याच बोटीवर. सकाळी तिच्याबरोबर बाजारात गेले. बोटी लागल्या, टोपल्या उतरल्या. पहिली टोपली मधे आली आणि बोली सुरू होण्याआधी पल्लवीने सहज विचारलं, "उचल कोनाची?" बोटवाला म्हणाला, कोनाची न्हाय, आणि बोली सुरू झाली. दुसऱ्या टोपलीला पुन्हा तोच प्रश्न. मी शेजारच्या म्हातारीला विचारलं की हे काय. तिने समजावलं. डिझेलला, बर्फाला पैसे कमी पडले की बोटवाले एखाद्या व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि मग माल त्यालाच द्यावा लागतो. पूर्वी अशी टोपलीही लिलावात मांडली जायची, बायका घसा फोडून बोली लावायच्या आणि माल मात्र आधीच ठरलेल्या माणसाकडे जायचा. राजीनामा दिल्यावर सुलूने ते बंद पाडलं. रोज सकाळी, छपराबाहेरच्या तिच्या जागेवरून ती प्रत्येक टोपलीला विचारायची, उचल कोनाची, आणि बोटवाल्याला सगळ्यांच्या देखत नाव सांगावं लागायचं. उचल असेल तर भांडण नाही, राग नाही. फक्त त्या टोपलीवर बोली लागत नाही. बायका एवढंच म्हणतात, पुढची आना. ती गेल्यापासून ते पल्लवी विचारते. सुलूने मला यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. मी तिला छत्रीवरून बोलत बसले.

ग्रामसभा दुपारी चारला त्याच छपराखाली भरली. पुढे टेबल, टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला फलक. ठराव व्हायच्या आधीच घडवून आणलेला. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पुढच्या खुर्चीवर बबनशेठ. हरीने विषय मांडला, वैनीने गावासाठी काय केलं ते सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे मला मान्य केलं पाहिजे. कोणाची हरकत आहे का, असं ग्रामसेवकांनी विचारलं. मी माझं भाषण सांभाळत उठायच्या बेतात होते, तेवढ्यात बायकांमधून आवाज आला. पल्लवी उभीसुद्धा राहिली नव्हती. मांडी घालून बसल्या जागेवरून, सकाळी विचारत होती त्याच आवाजात तिने विचारलं.

"काका, ह्या फलकावर उचल कोनाची?"

बबनशेठ हसायला गेले आणि थांबले. मला वाटलं, हरी आता मान खाली घालणार, त्या दिवशी घातली तशी. त्याने घातलीही. आपल्याच बोटीवरच्या पुतण्याची बायको, घरातली पोर, अख्ख्या गावासमोर विचारत होती आणि तिचा प्रपंच याच्या हातात होता. मग तो हळूच म्हणाला, "बबनशेठची." मग त्याने मान वर केली. "तवाची, निवडनुकीची पन त्यांचीच व्हती. वैनीला आम्ही सांगितलं न्हाय."

ग्रामसेवक पेन हातात धरून बसले होते. बायकांच्या रांगेतून, अगदी मागून, कोणीतरी शांतपणे म्हणालं, "पुढची आना."